व्यसनमुक्ति आणि चाकरी
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



ब्राऊन शुगर किंवा वेदनाशामक गोळ्या यांच्या पाशांत सांपडलेला बंधु चाकरी जाईल या भयानें दवाखान्याची पायरी चढत नाहीं. रजा काढून, घरांत कोंडून घेऊन तो एकटाच व्यसन तोडूं पाहतो. अंगदुखी व जुलाब बहुधा दहा दिवसांत ओसरतात. परंतु संवय मोडलेल्या देहास पूर्वीची मात्रा प्राणघातक ठरते. म्हणून आम्ही सांगतों, डॉक्टरांकडे जावें. जिभेखालीं ठेवावयाच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीनें तळमळ शमते व पुष्कळांस कामावर जातां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वयें रुग्णाची हकीकत गुप्त राखणें हें डॉक्टरांचें कर्तव्य आहे.

शोमरोनी गृहस्थानें जखमी वाटसरूस नुसता उपदेश केला नाहीं. उतारशाळेंत नेऊन खर्चही सोसला. आपणही तसेंच करूं या.