नांदुरा ते दुबई : तीन तासांचा हिशेब

नांदुऱ्यातला एखादा मुलगा दुबईला नोकरीला लागतो, वर्षभराने आईवडिलांना विमानाची तिकिटे पाठवतो आणि घरात वाद सुरू होतो तो वेळेवरून. समजा, जातानाच्या तिकिटावर मुंबईहून सकाळी १०.०० ला निघून ११.४० ला दुबई असे छापले आहे. वडील म्हणतात, "एवढ्या वेळात तर आपली एस.टी. अकोल्यालाही पोचत नाही!" परतीच्या तिकिटावर दुबईहून १०.०० ला निघून मुंबई दुपारी २.१५. आता आईला शंका येते, की येताना विमान वाटेत थांबते की काय.

विमान कुठेही थांबत नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते.

भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालते, दुबईचे साठ अंशांवर. फरक साडेबावीस अंशांचा. दर पंधरा अंशांना एक तास, म्हणून दुबई आपल्यामागे दीड तास. जाताना हा दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. म्हणजे जाताना तीन तास दहा मिनिटे आणि येताना पावणेतीन तास.

मग ही पंचवीस मिनिटे कुठे गेली? ती वाऱ्याने खाल्ली. उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. दुबईला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

अंतर मात्र दोन्हीकडून तेच. पृथ्वीगोलावर मुंबई आणि दुबई यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो सुमारे १९३० किलोमीटर भरतो. ताशी साडेआठशेच्या वेगाने हे अंतर सव्वादोन तासांत संपायला हवे. पण धावपट्टीपर्यंत सरकणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे, हे सगळे त्या तीन तासांतच धरलेले असते.

पूर्वी मात्र वेळ आकाशातच जायचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन सकाळी निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी मुंबईत जुहूला उतरले. कराची-मुंबई हे अंतर दुबईच्या निम्म्याहूनही कमी, तरी त्या छोट्या विमानाला जवळजवळ अर्धा दिवस लागला.

नांदुऱ्याच्या माणसाचा वेळ आज आकाशात जात नाही, जमिनीवर जातो. मुंबई इथून रेल्वेने पाचशेहून अधिक किलोमीटर. त्याला रात्रीचे आठ-नऊ तास. कल्याणला किंवा दादरला उतरून विमानतळ गाठायला आणखी तास-दोन तास. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचे. सगळे मिळून पंधरा ते सतरा तास, त्यातले उडण्याचे तीन.

आणि एक सांगायचे राहिले. आखाताकडची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.३० असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री साडेनऊला पोहोचायचे असते. १४ च्या रात्री नांदुऱ्याहून गाडीत बसणाऱ्याचे विमान तो भुसावळच्या आसपास असतानाच उडून जाते. रात्रीच्याच गाडीने जायचे असेल, तर ती १३ तारखेची.