सत्तावीस जानेवारीचा तास

भिवंडीजवळच्या आमच्या शेलारला यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांना सुताचे भाव तोंडपाठ असतात. परंतु ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भडकलेल्या दंगलीत, आणि पुन्हा मे १९८४ मध्ये, याच भिवंडीत हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरांतील माणसे मारली गेली, हे त्यांना कोणी सांगत नाही. विचारलेच, तर वडीलधारी मंडळी ‘आता कशाला ते?’ म्हणून विषय पालटतात. या मौनालाच आपण सलोखा समजतो, ही माझी तक्रार आहे.

मागावर ताण्याचा धागा तुटला, तर जाणता कारागीर माग थांबवतो, दोन्ही टोके शोधतो आणि गाठ मारतो. तसे न केल्यास मागही चालतो, कापडही निघते, पण त्याच्या लांबीभर रेघ उमटत जाते, आणि तागा व्यापाऱ्यापुढे उलगडला की ती दिसतेच. गाठीला टोके दोन लागतात. एकाच समाजाच्या मृतांची आठवण ही गाठ नव्हे.

न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींची सविस्तर चौकशी केली. तो अहवाल सरकारदप्तरी आहे, वर्गात नाही. १९८८ पासून पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांतून दोन्ही समाजांना एकत्र बसविले, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. हेही मुलांना ठाऊक नसते.

मुलांना हे सांगण्यासाठी मी ज्यूंच्या संहाराचा स्मरणदिन सुचवतो आहे; दंगल आणि वंशसंहार यांतील अंतर मात्र मी जाणतो. युरोपातील ज्यूंचा संहार राज्यसत्तेच्या हुकमाने, याद्या करून आणि आगगाड्यांचा बंदोबस्त करून झाला. तथापि शेजाऱ्याला माणूस न मानणे, ही पहिली पायरी दोहोंकडे तीच. ऑशविट्झची छावणी मुक्त झाली तो २७ जानेवारी हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली त्या संहाराच्या स्मरणार्थ मुक्रर केला. आपल्या दोन्ही दंगली मे महिन्यातल्या, म्हणजे शाळांच्या सुटीतल्या. म्हणून प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी एक तास भिवंडीच्या मृतांसाठी राखून ठेवावा, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. पुन्हा सांगतो, मृत दोन्ही बाजूंचे.

कोणत्या इयत्तेपासून आरंभ करावा, शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी, हे बोलायचे राहिले. वेळ संपल्याचा तांबडा दिवा लागला आहे. पालकांनी हरकत घेतलीच, तर त्यांनाही त्या तासाला बाकावर बसवावे. तेही यातले काही न ऐकताच शाळेतून बाहेर पडले आहेत.