बिबट्याची पाळी, आपली पाळी

आजचा विषय आहे जंगलातलं टाइमटेबल. कोण कधी उठतं, कधी पोटापाण्याला निघतं, कधी झोपतं.

हे कळतं कॅमेरा ट्रॅपमुळे. झाडाला बांधलेल्या या कॅमेऱ्यासमोर गरम अंगाचं काही हललं की फोटो निघतो, आणि त्यावर वेळही नोंदलेली असते. असे शेकडो फोटो तासांप्रमाणे मांडले की त्या प्राण्याचा दिनक्रम दिसायला लागतो.

आपल्या विदर्भातल्या जंगलांचंच बघा. वानर आणि मुंगूस दिवसाचे. रानकुत्र्यांची टोळीसुद्धा जास्त करून उजेडातच शिकार करते. अंधार पडला की सांबर, साळिंदर आणि वाघाटी बाहेर पडतात. वाघाटी म्हणजे जेमतेम दीड किलोची रानमांजर, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक! कारखान्यासारखंच आहे हे. जागा एक, पाळ्या वेगळ्या.

पण या पाळ्या कायमच्या ठरलेल्या नसतात, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. सहा खंडांतल्या 62 सस्तन प्राण्यांची माहिती त्यात एकत्र केली होती. निष्कर्ष असा, की माणसाचा वावर वाढला की प्राणी रात्रीकडे सरकतात. निम्मा वेळ रात्री फिरणारा प्राणी 68 टक्के वेळ रात्री फिरू लागतो, साधारण एवढा फरक. त्यासाठी बंदूकच लागते असं नाही, आपलं नुसतं ट्रेकिंगही पुरतं.

आता जुन्नरकडे या. तिथला बिबट्या दिवसभर उसात पडून राहतो. आपण घरी गेलो की तो कुत्री, शेळ्या, डुकरं शोधत निघतो. म्हणजे त्याने आपली वेळ टाळलेली असते. पण शेतीपंपाला वीज रात्री आली, तर शेतकऱ्याला पाणी धरायला त्याच उसात, त्याच वेळी जावं लागतं. दोघांच्या पाळ्या एकमेकांवर येतात आणि जीव जातात. म्हणून तिथले शेतकरी दिवसा वीज मागतात. ही मागणी नुसती सोयीची नाही, जिवाची आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? अंधारात एकट्याने जाऊ नका. टॉर्च ठेवा, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, इअरफोन मात्र काढा! बिबट्याला तुमची चाहूल लागली की बहुतेक वेळा तो स्वतःच बाजूला होतो. तिन्हीसांजेनंतर लहान मुलांना अंगणात एकटं सोडू नका. शेळ्या पक्क्या, बंदिस्त गोठ्यात बांधा. उघड्यावर शौचाला बसणारा माणूस त्याला खाली वाकलेला, लहान दिसतो, म्हणून घराजवळ शौचालय हवंच.

बिबट्याने आपली वेळ बदलली. वीज किती वाजता सोडायची, हे मात्र आपणच ठरवतो ना?

तुमच्या गावात वीज कधी येते, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!