ओस पेठ आणि भरला बाजार

गांवाची प्रकृति ओळखावयाची असेल तर त्याच्या पेठेची नाडी पाहावी. देवळाचा कळस आणि वेशीचे बुरूज गतवैभव सांगतात. पेठ मात्र आजची स्थिति सांगते. दुकानांच्या फळ्या किती उघड्या आणि किती बंद, एवढें मोजलें तरी गांवच्या सुखदुःखाचा बराचसा हिशेब हातीं येतो. इंग्लंडांतील एका लहानशा गांवाची पेठ अशीच ओस पडली आणि पुढें थोड्याच वर्षांत पुन्हां गजबजली. ती हकीकत त्या एका गांवापुरती नाहीं. सकाळच्या गाडीनें मोठ्या शहरांत नोकरीस जाणारीं आणि दिवेलागणीला परतणारीं माणसें जेथें जेथें राहतात, तेथें तेथें हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच.

या गांवाचें नांव ऑल्ट्रिंगम. मँचेस्टरच्या नैऋत्येस सुमारें आठ मैलांवर तें वसलेलें आहे. १२९० सालीं राजा पहिला एडवर्ड यानें तेथील जहागीरदार हॅमन द मॅसी याला आठवड्याचा बाजार भरविण्याची सनद दिली. तें वर्ष म्हणजे शके १२१२. त्याच वर्षीं गोदावरीच्या खोऱ्यांत, नेवाशास, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली असें परंपरा सांगते. या योगायोगावरून बाजाराच्या वयाची कल्पना येईल. पुढें १८४९ सालीं मँचेस्टरहून आगगाडी आली आणि गांवाचा नूर पालटला. धुरानें काळवंडलेल्या शहरांत धंदा करून स्वच्छ हवेंत राहूं इच्छिणाऱ्या व्यापाऱ्यांनीं येथें घरें बांधलीं. मँचेस्टरची ही श्रीमंती कापसावर उभी होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत त्या गिरण्यांना लागणारा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरांतून जात असे. म्हणजे त्या सुबत्तेंत आपल्याकडील शेतकऱ्याच्या घामाचाही वांटा होता. १९९२ सालीं आगगाडीच्या जागीं विजेची ट्राम आली, आणि शहराशीं असलेलें गांवाचें नातें अधिकच घट्ट झालें.

परंतु नातें जितकें घट्ट, तितका पेठेला धोका अधिक. नोकरीसाठीं शहरांत गेलेला माणूस खरेदीही तेथेंच करूं लागतो. त्यांतच १९९८ च्या सप्टेंबरांत, मोटारीनें सहज जातां येईल इतक्या अंतरावर, ट्रॅफर्ड सेंटर नांवाचें प्रचंड व्यापारगृह उघडलें. एका छपराखालीं शेंकडों दुकानें, पावसाची भीति नाहीं, आणि हजारों मोटारी फुकट उभ्या करण्याची सोय! गांवच्या पेठेंत मात्र गाडी ठेवावयाची तर पैसे मोजावे लागत. मग आंतरजालावरून घरबसल्या खरेदी करण्याची रीत रुळली. २००८ सालीं पैशाच्या बाजारांत अरिष्ट कोसळलें आणि वुलवर्थ्‌स या जुन्या पेढीनें देशभरांतील आपलीं सुमारें आठशें दुकानें २००९ च्या जानेवारीपर्यंत बंद केलीं.

त्यावर कराचें ओझें होतें तें वेगळेंच. इंग्लंडांत दुकानांवरील कर जागेच्या भाड्याच्या अंदाजावरून बसतो. २०१० सालीं अमलांत आलेली आकारणी २००८ च्या एप्रिलमधील, म्हणजे तेजीच्या काळांतील भाड्यांवर आधारलेली होती. २०१५ सालीं व्हावयाची फेरआकारणी सरकारनें २०१७ पर्यंत पुढें ढकलली. बाजार उतरला, पण कर चढलेलाच राहिला. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०१० च्या सुमारास ऑल्ट्रिंगमच्या पेठेंतील शंभर गाळ्यांपैकीं जवळजवळ तीस रिकामे पडले होते. गांव गरीब नव्हतें, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. भोंवतालच्या बंगल्यांतून राहणारीं कुटुंबें चांगलीं खाऊनपिऊन सुखी होतीं. पैसा गांवांत होता, पण तो पेठेंत येत नव्हता.

अशा वेळीं जो उपाय प्रथम सुचतो तो बहुधा वरवरचा असतो. फुलांच्या कुंड्या मांडाव्या, दिव्यांचे खांब रंगवावे, एखाद्या मोठ्या पेढीनें दुकान काढावें म्हणून तिची मनधरणी करावी! परंतु ज्या मालासाठीं दहा मैलांच्या आंत दोन अजस्र बाजार उघडे आहेत, तोच माल तिसऱ्या ठिकाणीं मांडून गिऱ्हाईक कसें यावें? येथें प्रश्नच बदलावा लागला. पेठेंत कोणतें दुकान आणावें, हें विचारण्यापूर्वीं माणसानें पेठेंत कां यावें, हें विचारणें प्राप्त होतें.

या कामीं मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठांतील अभ्यासकांचें साहाय्य झालें. त्यांनीं ऑल्ट्रिंगमसह दहा गांवांच्या पेठा अभ्यासासाठीं घेतल्या. पेठेच्या भरभराटीवर परिणाम करणारीं एकंदर २०१ कारणें त्यांच्या यादींत आलीं आणि त्यांतून गांवकऱ्यांच्या हातांत असलेल्या महत्त्वाच्या २५ गोष्टी त्यांनीं निवडून काढल्या. त्यांत अग्रस्थानीं आली ती अगदीं साधी बाब, पेठ जागी असण्याची वेळ. नोकरदारांच्या गांवांत दुकानें नऊला उघडावीं आणि पांचला मिटावीं, याचा अर्थ असा कीं गिऱ्हाईक गांवाबाहेर असतांना दुकान उघडें आणि तें परत येतांच दुकान बंद! पाव्हणे जेवून गेल्यावर पंगत मांडण्यासारखाच हा प्रकार. वर्षानुवर्षें तो चालूं होता आणि दोष मात्र काळाला दिला जात होता.

२०११ सालीं नगरपरिषद, व्यापारी, जागामालक आणि नागरिक यांची एक संयुक्त मंडळी स्थापन झाली. पेठेजवळच १८८० च्या सुमारास बांधलेली जुनी बाजारइमारत होती. नगरपरिषदेनें तिची व्यवस्था बाजार चालविण्याची दृष्टि असलेल्या एका खासगी मंडळीकडे सोंपविली आणि २०१४ सालीं ती इमारत नव्या रूपानें उघडली. मध्यें लांबच लांब लांकडी मेजें, त्यांभोंवतीं लहान लहान स्वयंपाकघरें, अशी तिची रचना आहे. देशभर शाखा असलेल्या पेढ्यांना तेथें थारा नाहीं. जागा आगाऊ राखून ठेवण्याची सोय नाहीं. त्यामुळें ज्याला जेथें जागा मिळेल तेथें तो बसतो आणि शेजारीं कोणी अनोळखी कुटुंब येऊन बसतें. लगतच्या छपराखालीं भाजीपाला, हस्तकौशल्याच्या वस्तु व जुन्या चिजा यांचा बाजार भरतो. संध्याकाळीं ट्राममधून उतरणाऱ्या माणसाला घरीं जाण्यापूर्वीं थांबावेंसें वाटेल असें ठिकाण गांवांत प्रथमच निर्माण झालें.

एकट्या बाजारानें सर्व साधलें असें मात्र नव्हे. २०१४ सालींच ट्राम, आगगाडी व बसगाड्या यांचें एकत्रित स्थानक नव्यानें बांधून तयार झालें. २०१५ सालीं नवें रुग्णालय गांवाबाहेरच्या मोकळ्या माळावर न बांधतां गांवाच्या मध्यभागींच उघडलें. त्यामुळें रुग्ण, नातलग व सेवक यांचीं पाउलें रोज पेठेकडे वळूं लागलीं. व्यापाऱ्यांनीं मतदान करून स्वतःवर एक जादा पट्टी बसवून घेतली आणि तिच्या उत्पन्नांतून पेठेच्या सुधारणेचा खर्च चालविला. आपण होऊन कर मागून घेणारा व्यापारी हें दृश्य विरळाच! बाजारइमारतीच्या आसपासचे गाळे एकामागून एक भरूं लागले. रिकाम्या गाळ्यांचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें. २०१८ सालीं ब्रिटनमधील उत्तम पेठांच्या स्पर्धेंत इंग्लंडचा मान ऑल्ट्रिंगमनें मिळविला आणि २०२० सालीं संडे टाइम्स या वृत्तपत्रानें राहण्यास सर्वोत्तम ठिकाण म्हणून त्याची निवड केली.

एवढ्यावर ही कथा सुखान्त म्हणून संपविणें सोपें आहे; पण तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पेठेला बरकत आली कीं भाडीं वाढतात आणि घरांच्या किंमती चढतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. ज्या म्हातारीला केवळ सुईदोरा, दिव्याची वात किंवा चपलेची दुरुस्ती हवी असते, तिला उंची भोजनगृहांच्या रांगेंत आपलें असें काय मिळणार? ज्या पेठेंत केवळ खुशालचेंडू रमतात आणि गरजवंत बिचकतो, ती पेठ भरलेली असूनही अपुरीच म्हणावी लागेल. शिवाय माणसांच्या गर्दीवर उभारलेला धंदा गर्दीच नाहींशी झाली तर किती असहाय होतो, हें २०२० च्या महामारींत दिसून आलें. त्या वर्षीं दारें लावून बसण्याची पाळी जुन्या दुकानांइतकीच या नव्या बाजारावरही आली. म्हणून ऑल्ट्रिंगमचा कित्ता जसाच्या तसा गिरविण्यांत अर्थ नाहीं. प्रत्येक गांवानें आपली पेठ कशासाठीं आहे, हें स्वतःच शोधलें पाहिजे.

तथापि या हकीकतींतील मूळ गोष्ट कोठेंही खरी ठरण्यासारखी आहे. स्वस्त माल मोठ्या व्यापारगृहांत मिळेल आणि पुष्कळ माल घरबसल्याही मिळेल. पण ओळखीचा नमस्कार, क्षणभराची विचारपूस आणि आपण याच गांवचे आहोंत ही जाणीव कोणतीही पेढी बांधून घरीं पोंचवूं शकत नाहीं. सातशें वर्षांपूर्वीं सनद मिळाली ती खरेदीविक्रीची. पण तिच्यामुळें आठवड्यांतून एकदां माणसें एकत्र येत राहिलीं, आणि गांव टिकलें तें त्या एकत्र येण्यामुळें. रोज रात्रीं केवळ झोंपावयास येणाऱ्यांच्या वस्तीला गांव म्हणतां येत नाहीं. स्थानकावर उतरलेला माणूस मान खालीं घालून तडक घराकडे जातो, कीं पेठेच्या तोंडाशीं क्षणभर रेंगाळतो, यावरच त्या वस्तीचें गांवपण ठरतें.