आईच्या आईचं नाव काय?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

बोलायला लागण्याआधी एक छोटं काम देते. समोरच्या कागदावर वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव लिहा. आता शेजारी आईचं, आईच्या आईचं आणि तिच्याही आईचं नाव लिहा. पण पूर्ण नाव हवं, लग्नाआधीचं, माहेरच्या आडनावासकट.

हा प्रयोग मी माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत बायांच्या बऱ्याच बैठकांत केला आहे. डावीकडची तीन नावं बहुतेकींना येतात. उजवीकडे दुसऱ्या ओळीवर पेन थांबतं. "आजीला सगळे आक्काच म्हणायचे," असं कोणी सांगते. कोणी म्हणते, "ती कऱ्हाडकडची होती एवढं ठाऊक आहे." जिनं आपल्या आईला जन्म दिला तिचं नाव दोन पिढ्यांत पुसलं जातं. यात तुमच्या-माझ्या विसराळूपणाचा भाग थोडा. नाव पुसलं जावं अशीच सगळी व्यवस्था आहे, आणि ती कशी आहे हे आज समजून घ्यायचं आहे.

पुरुषाला जन्मल्यावर जे नाव मिळतं तेच सरणापर्यंत राहतं. बाईचं काय होतं? लग्नात आडनाव बदलतं. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात आणि पेढे वाटतात. म्हणजे तीन शब्दांच्या नावातला एकही शब्द तिच्याकडे उरत नाही. पुढं नवरा वारला की 'सौ.' जाऊन 'गं. भा.' किंवा 'श्रीमती' लागतं. टाकलेल्या बाईच्या मागं तर ज्यानं घराबाहेर काढलं त्याचंच नाव आयुष्यभर चिकटून राहतं.

जुने कागद पाहा. पुरुषाच्या नावापुढं 'बिन' असे, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढं 'कोम', 'जौजे' किंवा 'भ्र.' येतं. 'भ्र.' म्हणजे भ्रतार. आजही काही सातबाऱ्यांवर हे 'भ्र.' दिसतं. म्हणजे पुरुषाची ओळख मागच्या पिढीकडे नेते आणि बाईची ओळख नवऱ्याशी येऊन थांबते. त्याच्यामागं जाण्याची वाटच कागदावर नाही.

गावाकडचं आणखी एक साधन सांगते. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागात हेळवी येतात. बैल आणि चोपड्या घेऊन ते घरोघर वंशावळ वाचतात, नवे जन्म लिहून घेतात आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. हे फार मोलाचं काम आहे. अशाच एका हेळव्याला मी विचारलं, "बाबा, यात लेकी का नाहीत?" तो सहज म्हणाला, "लेक दुसऱ्याच्या चोपडीत जाते की." मग मी सुनांची नावं विचारली. काही होती, पण पहिलं नाव तेवढंच. कोणाची लेक, कुठल्या गावची, ते नव्हतं. माहेरच्या चोपडीत ती नाही, सासरच्या चोपडीत तिचं माहेर नाही. दोन चोपड्यांच्या मध्ये बाई हरवते ती अशी.

तरीही आपल्या समाजाला बाईचं माहेर विसरता येत नाही. स्थळ बघताना पहिल्या दोन-चार प्रश्नांत "मामाकूळ कुठलं?" हा प्रश्न असतो. लग्नपत्रिकेत मामांची नावं छापतात. श्राद्धात आईच्या वडिलांचं आणि आजोबांचंही नाव घेतात. आईकडची बाजू पाहिजे असते, पण ती मामाच्या आणि आजोबांच्या नावानं. ज्या बाईमुळे ते मामा झाले तिचं स्वतःचं नाव त्यात कुठं नसतं. जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून माहेर लक्षात ठेवायचं आणि इस्टेटीत वाटा मागू नये म्हणून विसरायचं, असा हा हिशेब आहे.

मोठ्या घराण्यांत मात्र माहेर जपलं गेलं. महाराणी ताराबाई तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक, सईबाई फलटणच्या निंबाळकरांची, नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची. आपल्या साताऱ्यातलीच ही तीन माहेरं शाळकरी मुलंही सांगतील, कारण तिथं सोयरीक हे राजकारण होतं. सावित्रीबाई फुले नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक, हेही आपण सांगतो, कारण त्यांचं कार्य मोठं. पण त्यांच्याच काळात शेजारच्या गावात नांदलेल्या कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या बाईचं माहेर शोधायला निघालात तर हात रिकामे येतात.

जगात सगळीकडे असंच आहे का? नाही. स्कॉटलंडचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथं पूर्वी लग्न झालेली बाई कायद्याच्या कागदात जन्माचंच आडनाव चालवत असे. थडग्याच्या दगडावर 'अमकी तमकी, अमक्याची पत्नी' असं तिच्या स्वतःच्या आडनावानं कोरलेलं असे. १८५५ साली तिथं जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. त्या नोंदींत आईचं लग्नाआधीचं आडनाव लिहिण्याची पद्धत पडली, अगदी मेलेल्या माणसाच्या नोंदीतसुद्धा. त्यामुळे आज तिथल्या कुणालाही आईची आई, तिची आई असं मागं मागं जाता येतं. तिथल्या बाया फार स्वतंत्र होत्या असं मी म्हणत नाही. नवऱ्याची सत्ता तिथंही होती, आणि पुढं नवऱ्याचं आडनाव लावण्याची रीतही पसरली. पण कागदात एक रकाना होता. त्या एका रकान्यानं लाखो बायांना विस्मरणातून वाचवलं.

आता कोणी म्हणेल, ताई, पोटाचे प्रश्न सोडून हे काय? मैत्रिणींनो, हा पोटाचाच प्रश्न आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी बापाच्या मिळकतीत वारस झाली. महाराष्ट्रानं १९९४ साली दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याचीही गरज नाही. एवढा कायदा आपल्या बाजूनं आहे. तो अडतो कुठं? तलाठ्याच्या टेबलावर.

बाप वारला की वारस नोंदीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते बहुधा भाऊ करतो. त्यात बहिणी घातल्याच नाहीत तर? बहीण तक्रार घेऊन गेली की विचारतात, तुम्ही त्यांच्याच मुलगी कशावरून? शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. शाळेतच गेली नसेल तर दाखलाही नाही. जन्माच्या जुन्या नोंदींत, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात बापाचं नाव असतं आणि बाळाच्या जागी पुष्कळदा नुसतं 'मुलगी'. त्या 'मुलगी'चं पुढं काय नाव पडलं हे कागद सांगत नाही.

आणि एक कडू गोष्ट ध्यानात घ्या. माहेरचं आणि सासरचं अशी बाईची दोन्ही नावं एकत्र सापडण्याची खात्रीची जागा कोणती? हक्कसोडपत्र! ज्या दस्तानं ती भावाच्या नावे आपला वाटा सोडते, तिथं मात्र तिची ओळख अगदी काटेकोर लिहिलेली असते. देताना नाव नसतं, घेताना बरोबर आठवतं.

नावाचा धागा तुटला तर काय होतं याचं मोठं उदाहरण आसामात दिसलं. नागरिक नोंदणीच्या वेळी प्रत्येकाला आईबापाशी नातं कागदानं सिद्ध करायचं होतं. लहानपणी लग्न झालेल्या, शाळा न शिकलेल्या लाखो बायांकडे ग्रामपंचायतीच्या दाखल्याशिवाय काही नव्हतं. गुवाहाटी उच्च न्यायालयानं २०१७ साली तो दाखला अग्राह्य ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी करून तो घ्यावा असं सांगितलं. जमिनीचा तुकडाच काय, देशाची नागरिक म्हणून असलेली जागासुद्धा अशा एका धाग्यावर लोंबकळू शकते.

आपल्याकडे २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी कागद धुंडाळले जात आहेत. त्या मागणीच्या बाजूनं किंवा विरोधात मी आज बोलत नाही. पण घरोघर वंशावळी निघाल्या तेव्हा त्यांत बाप, आजा, पणजा होते. जातीच्या दाखल्याची वाट बापाच्या रक्तानंच जाते. आई, आजी, पणजी यांना त्या झाडावर फांदी नाही.

याच भागात या गोष्टीला तोंड देणारं कामही झालं आहे. सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं परित्यक्तांचा प्रश्न उचलला, तेव्हा स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड ही मागणी त्यात होती. प्रतिसरकारच्या लढ्यात घडलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्यात पुढं होत्या. कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव येणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याच कासेगावात गेल ऑम्व्हेट लग्नानंतर स्वतःच्याच नावानं २०२१ पर्यंत, अखेरपर्यंत राहिल्या आणि गावानं ते नाव आपलं मानलं. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं दोनशेहून अधिक 'नकुशीं'ना समारंभ करून नवी नावं दिली. चांगलं झालं. पण त्यातल्या कितीजणींचं ते स्वतः निवडलेलं नाव लग्नाच्या तांदळात पुन्हा गेलं असेल, याचाही विचार करा.

आता सरकारचा निर्णय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम महाराष्ट्रानं सक्तीचा केला. हे स्वागतार्ह आहे. सांगली-मिरजेच्या देवदासी बायांना लेकरू शाळेत घालताना 'बापाचं नाव?' या प्रश्नानं किती खाली मान घालावी लागली हे इथं अनेकींना माहीत आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की नवरा वारल्यावर मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आईला आहे.

पण निर्णय नीट वाचा. विवाहित स्त्रीच्या बाबतीत लग्नानंतरचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव ही जुनीच पद्धत चालू ठेवली आहे. म्हणजे बाळाच्या कागदावर आईचं पहिलं नाव आलं, तिचं माहेर आलं नाही. तिचं पहिलं नावच लग्नात बदललेलं असेल तर शंभर वर्षांनी शोधणारी पणती पुन्हा तिथंच अडेल. याच निर्णयात एक वाक्य मात्र कामाचं आहे. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावानं नोंद करण्याची मुभा स्त्रीला आहे. ही मुभा किती जणींना माहीत आहे? ती गावोगाव सांगणं हे आपलं काम.

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हेही सांगत राहा. बदलणाऱ्या बाईला मात्र नावं ठेवू नका. माहेरचं आडनाव म्हणजे तरी बापाचंच. आपला आग्रह एवढाच, की बदलायचं की नाही ते तिनं ठरवावं, आणि बदललं तरी आधीचं नाव कागदावरून पुसलं जाऊ नये.

तर इथून गेल्यावर चार कामं करू. एक, बचत गटाच्या वहीत प्रत्येकीचं माहेरचं पूर्ण नाव, गाव, आईचं नाव आणि आईचं माहेर असे रकाने पाडायचे. गावातल्या सत्तरीपुढच्या बायांपासून सुरुवात करा, त्यांच्याकडे वेळ थोडा आहे. त्यांना कागद आठवणार नाहीत, पण आत्या, मावश्या, कुठल्या जत्रेला माहेरची माणसं यायची, हे आठवेल. त्यावरून गाव सापडतं.

दोन, तलाठ्याकडून माहेरच्या जमिनीचे जुने फेरफार काढा. १९५६ नंतरच्या वारस फेरफारांत मुलींची नावं सासरच्या आडनावासह सापडू शकतात. त्यासोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जोडला की दोन नावांतला धागा जुळतो.

तीन, घरात मृत्यू झाला की वंशावळीत लेकींची दोन्ही नावं घातली आहेत का ते बघा. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात, ते दुःखात निघून जाऊ देऊ नका. आणि वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय हक्कसोडपत्रावर अंगठा नाही.

चार, विवाहित स्त्रीच्या प्रत्येक सरकारी नोंदीत लग्नाआधीच्या नावाचा रकाना असावा, असा ठराव येत्या महिला ग्रामसभेत मांडा. सातारा-सांगलीच्या पन्नास गावांतून असे ठराव गेले तर जिल्हाधिकाऱ्यांना ते वाचावे लागतील. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात आपण मिळून तयार करू.