दुखतंय म्हणायची मुभा

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. डॉक्टर नाही, जिम्नॅस्टिक्सचा प्रशिक्षकही नाही. तरी आज गुडघ्यांवर बोलणार आहे, कारण एका गुडघ्याच्या बाबतीत माझी चूक झालेली आहे.

माझी नात 11 वर्षांची असताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणायला लागली. तिथे टेंगूळही आलं होतं. मी म्हणालो, "फौजीची नात ना तू? एवढ्या-तेवढ्याला रडायचं नाही." तिनं रडणं थांबवलं. दुखणं थोडंच थांबतंय!

या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. वाढीच्या वयात हाडं भराभर लांबतात. मांडीचा स्नायू वाटीमार्गे नडगीच्या वरच्या टोकाशी जोडलेला असतो आणि त्या वयात तिथलं हाड अजून कोवळं असतं. प्रत्येक उडीला तिथेच ओढ बसते. उड्या कमी करायच्या, बर्फ लावायचा, मांडीचे स्नायू सैल आणि मजबूत करायचे, एवढ्यावर बहुतेक मुलांचं भागतं. वाढ पूर्ण झाली की बहुधा दुखणं जातं.

आमच्या पोरीनं दुखरा पाय वाचवत दुसऱ्या पायावर भार टाकून उतरायची सवय लावून घेतली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तेराव्या वर्षी एकदा उतरताना तोच, म्हणजे चांगला गुडघा आत वळला. 'टक्' असा आवाज झाला म्हणाली. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा! एमआरआयमध्ये दिसलं, आतलं एसीएल लिगामेंट फाटलंय. आधीच्या दुखण्यामुळेच हे झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण माझ्या मनातून ते जात नाही.

आता थोडं उतरण्याविषयी. आग्र्याला पॅराशूटचं प्रशिक्षण घेताना आम्हाला आधी जमिनीवर पडायला शिकवलं. पाय आणि गुडघे जुळलेले, गुडघे किंचित वाकवलेले, आणि पाऊल टेकताच अंग एका बाजूला झोकून द्यायचं. पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ असा धक्का वाटला जातो. जिम्नॅस्टला ही चैन नाही. उंचावरून फिरत येऊन तिनं जागच्या जागी खिळल्यासारखं उभं राहायचं. छोटं पाऊल सरकलं तरी 0.1 गुण जातो, पडली तर पूर्ण 1. शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का त्या दोन गुडघ्यांनी एकट्यानं पचवायचा. म्हणून सरावातल्या बहुतेक उड्या फोमच्या खड्ड्यात किंवा जाड मऊ गादीवर व्हायला हव्यात, आणि कडक गादीवरच्या उड्या मोजून.

आगरतळ्याची दीपा कर्माकर आपल्याला ठाऊक आहे. 2016 मध्ये रिओला तिनं प्रोडुनोव्हा मारला आणि 0.15 गुणांनी तिचं कांस्य हुकलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, याची चर्चा कितीशी झाली? 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या मेर्सिनला तिनं सुवर्ण जिंकलं. मधल्या काळातली मेहनत टीव्हीवर दिसत नाही.

लहान मुलांत आणखी एक पेच असतो. हाडांच्या टोकाशी वाढीच्या पट्ट्या उघड्या असतात. त्यांना धक्का न लावता लिगामेंट बसवायचं म्हणजे सर्जन अनुभवी हवा. आणि पुन्हा खेळायची घाई नको. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जास्त असतो. "स्पर्धा आहे, पाठवा," असा फोन आम्हालाही आला होता. तिच्या आईनं तो घेतला आणि दोन वाक्यांत संपवला. मी असतो तर कदाचित हो म्हणालो असतो.

सध्या ती गुडघाभरही नाही अशा ठोकळ्यावरून उतरायचा सराव करते. वही घेऊन मी मोजायला बसतो. काल वीस उड्या ठरल्या होत्या. चौदावीला थांबली आणि म्हणाली, "आजोबा, दुखतंय." मी 14 लिहिलं आणि वही मिटली.