घर तशी परसबाग
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील नव्या वसाहतींत आपली घरे उभी राहत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अंगणास प्रथम फरशी लागते आणि आजीची सांदवाडी नाहीशी होते. वैशाखात तीच फरशी तापून वृद्धांस व बालकांस असह्य होते. म्हणून घराच्या नकाशाबरोबरच बागेचाही नकाशा काढावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आपली काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. मोठे झाड भिंतीलगत असल्यास मुळे पायाखालील ओल शोषतात आणि भिंत तडकते. यास्तव पश्चिमेचे ऊन अडविणारा कडुनिंब घरापासून वीस हात दूर लावावा. जागा तोकडी असल्यास लिंबू व कढीलिंब पुरेत. न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू, कर्दळ पोसावी. भाड्याच्या घरी कुंडीत तुळस व गवती चहा लावावा. वृद्धांसाठी वाफे कमरेइतके उंच करावेत. लहान मुले असतील तेथे कण्हेर नसावी. ती सर्वांगी विषारी आहे.

सेवाग्रामी १९३६ साली गांधीजींनी पिंपळ लावला, कस्तुरबांनी बकुळ. तेथील मोकळ्या आवारात पिंपळास पिंपळाची जागा मिळाली. आपणही जागा ओळखूनच रोप निवडावे.

येत्या मृगात प्रत्येक कुटुंबाने निदान एक झाड लावावे व दोन उन्हाळे त्यास जगवावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.